डावऱ्या कोटाची चोरी

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे खुर्चीत बसूनच घातला आहे, गोड मानून घ्यावा). गुडघा कसा आहे? जन्मभर इमारतींचे नकाशे काढल्यावर आता निवृत्तीत तुमचा वेळ जात नाही, म्हणून संगणकाचा वर्ग लावलात असं मामी म्हणत होत्या. या वयात डोळ्यांना फार ताण देऊ नका.

पत्रास कारण असं की तुमच्या भाच्याच्या अब्रूला कोणीतरी कात्री लावली आहे. परवा कॉलेजातली एक मुलगी दुकानात आली, काचेतल्या डावऱ्या कोटाकडे बघून फिसकन हसली आणि म्हणाली, "काका, हा तुम्ही गेमवरून ढापलात ना?" मी गार पडलो. बटणं डावीकडे, काजं उजवीकडे, डावखुऱ्या माणसाला सोयीचा असा हा पुरुषी कोट पहिल्यांदा कोणासाठी शिवला होता, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. माझं दुकान आज ओळखलं जातं ते त्या कोटामुळे. तोच नकली ठरला तर उद्या मी पाटी उतरवून घरी बसावं की काय?

तेव्हा मी स्वतःच त्या गेमच्या आभासी जगात जायचं ठरवलं. बायकोने दुकानातच माझ्या डोळ्यांवर हेडसेट चढवला आणि मला तिथे वावरायला फुकटातलं शरीर निवडून दिलं. ते अस्वलाचं निघालं. (अंगावर चिंधीसुद्धा नाही. कपडे वेगळे घ्यावे लागतात म्हणे. मी, शिंपी, भर बाजारात तसाच.) विचारत विचारत तिथलं कोटांचं दुकान गाठलं. गल्ल्यावर निळ्या केसांची एक उंच तरुणी उभी, आणि मागच्या भिंतीवर माझे कोट ओळीने टांगलेले. मी एक उलटून पाहिला तर आत, उजव्या बाजूला, चष्म्याचा कप्पासुद्धा होता. मामा, तो कप्पा मी फक्त तुमच्या कोटाला लावला होता, काचेतल्या कोटालाही नाही. याचा अर्थ उघड आहे, चोर तुमच्या कपाटापर्यंत पोचला आहे. घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांवर जरा लक्ष ठेवा.

मी तिला चांगलं खडसावलं. ती नुसती "बघू, बघू" म्हणत राहिली, आणि मी ऐन रंगात आलो असताना मध्येच म्हणाली, "पाठ सरळ ठेव आधी." इतका उर्मटपणा मी आजवर फक्त वडीलधाऱ्यांकडूनच ऐकून घेतला आहे. संतापून मी तिची कॉलर धरली. प्रत्यक्षात ती माझ्याच दुकानातल्या पुतळ्याची होती. पुतळ्याची मान माझ्या हातात आली, आणि ट्रायलला आलेले एक गृहस्थ अर्ध्या पँटीनिशी रस्त्यावर धावले. (ते अजून परतलेले नाहीत. पँट माझी आहे, म्हणजे त्यांचीच, पण कच्च्या शिलाईची.)

पण मी हार मानणारा नव्हे. तिथल्या पहारेकऱ्याने सांगितलं की आरडाओरडा करून दुकान बंद होत नाही, मूळ रचना तुमची आहे याचा पुरावा जोडून रीतसर तक्रार करा. मी खाकी कागदावर आखलेल्या कापणीच्या बेताचे फोटो जोडले, अस्तर कसं बसवलं ते लिहिलं, कप्प्याचा मुद्दा तर अधोरेखितच केला. आज सकाळी त्यांनी तिच्या दुकानाला निकाल लागेपर्यंत टाळं ठोकलं. न्याय हळू चालतो हे खरं, पण अस्वल मागे लागलं की धावतो.

आता खटला माझ्या खिशात आहे. निळ्या केसांच्या बाईला जन्माची अद्दल घडेल. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. : निकालासाठी त्यांनी मूळ कोटाचा फोटो मागितला आहे. तुम्ही तो घालून उभे राहा आणि मामींना काढायला सांगा. कप्पा दिसू द्या.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवणार तेवढ्यात त्या बाईचं लेखी उत्तर आलं. म्हणते, उलट्या बटणांची कल्पना मुळात गिऱ्हाइकाची, शिंप्याने फक्त शिवली, आणि तीही दोनदा उसवून. कप्पासुद्धा गिऱ्हाइकानेच हट्टाने लावून घेतला. आणि शेवटी लिहिलंय की दुकान बंद झाल्यापासून दिवस खायला उठतो. मामा, मी दोनदा उसवलं होतं हे जगात फक्त एका माणसाला माहीत आहे. तुमचं म्हणणं खोटं नाही, हे नाइलाजाने कबूल करतो. पण बेत माझा होता, हेही तुम्ही विसरू नका.

ता. क. शेवटचा : तक्रार मागे घेतली, टाळं उघडेल. फोटो राहू द्या. तुमच्या पाटीवर 'कल्पना मामाची, शिलाई भाच्याची' असं ठळक लिहा, म्हणजे त्या कॉलेजातल्या मुलीला मी दाखवू शकेन. निळे केस तुम्हाला शोभतात. आणि त्या अस्वलासाठी एक कोट बाजूला काढून ठेवा, पण ते डावखुरं नाही, तेव्हा बटणं सरळ लावा.