परसातले चिरे

१७ जानेवारी
टेम्पोवाल्याने आज आणखी थोडे जांभ्याचे चिरे टाकले. पेडण्याच्या बाजारात मिरच्या विकून आलेल्या पैशांचे. घरामागची रास कमरेच्या वर गेली. जाऊ म्हणते, वयनी, किल्ला बांधतेस की काय. एक खोली हवी गं बाई, एवढंच. दार माझं, कडी माझी. नीलमला पाचवा महिना लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं, आणि तिचं माहेर म्हणजे दिरांच्या घरातला माझा खाटेपुरता कोपरा.

२ फेब्रु.
बँकेत पैसे ठेवायचं सोडलं ते शेजारच्या शांताबाईचं बघून. तिने म्हैस विकून पैसे खात्यात टाकले. शिल्लक जास्त दिसली आणि विधवा-पेन्शन बंद. अजून हेलपाटे घालते बिचारी. माझं दळण, गॅस, बी.पी.च्या गोळ्या, सगळं माझ्या तसल्याच पेन्शनवर. म्हणून हातात चार पैसे आले की चिरे. चिऱ्यांचं पासबुक कुणी मागत नाही. गरीब राहायचं तेसुद्धा नीट सांभाळून. शहाणपण की वेडेपणा, देव जाणे.

२० फेब्रु.
नी.चा फोन, सासरहून, साखळी गावातून. सासू चांगली आहे, इथेच राहा म्हणते. नी. म्हणाली, "आई, माका तुजेकडेच येवचा आसा." फोन ठेवल्यावर रडू आलं. तिच्या केसांना तेल लावायचंय. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचंय. दुसरं काय मागते मी?

५ मार्च
पेन्शनच्या ऑफिसातून मुलगी आली, तपासणीला. तरुण, बोलायला गोड. चहा घेतला. मग परसात गेली आणि राशीपाशी थांबली. चिरे कोणाचे? घर बांधायची ऐपत आहे असं तिने लिहिलं असतं तर संपलंच. माझ्या तोंडून निघालं, "भावजींचे." भावजी तिथेच केळींना पाणी लावत होते. ऐकलं, आणि पाणी पुढच्या केळीकडे वळवलं. वाटलं, वाचवलं मला. मनातल्या मनात हात जोडले त्यांना.

१९ मार्च
सकाळी गवंडी आला. भावजी स्कूटरसाठी शेड घालतायत. माझ्या राशीतले चिरे उचलायला लागले. म्हटलं, भावजी, हे काय?
"वयनी, तुयाच सांगलंस मां, माजे म्हणान. सरकारी माणसाफुडे."
हसत म्हणाले. दुपारपर्यंत मला थट्टाच वाटत होती. संध्याकाळी भिंत गुडघ्याएवढी झाली.
धड भांडताही येत नाही. आवाज चढवला तर वाडाभर कळणार चिरे कुणाचे, आणि मग ऑफिसातही. मेल्यांनो, माझ्याच वस्तूची मी चोर.

२१ मार्च
जाऊ नवऱ्याशी बोलत नाही. वाल सोलता सोलता मला म्हणाली, चिरे तुझे, मला ठाऊक आहे. पण माझ्या बोलण्याला ते भीक घालणार नाहीत, तूच तोंड उघडायला हवं. गवंड्याला तिनेच दोन-चार दिवस येऊ नको म्हणून सांगितलंय. एवढी माया तिच्यात असेल असं वाटलं नव्हतं.

२४ मार्च
ऑफिसातल्या मुलीचा फोन. फोटो नीट आले नाहीत, उद्या परत येते. घराचा काढणार, परसाचाही. भावजी घरीच आहेत. गवंडीसुद्धा उद्याच येणार.
नी.ला सातवा. विचारते, आई, कधी येऊ? म्हटलं, परवा सांगते.
माझे म्हटलं तर पेन्शन जाईल. गप्प बसले तर खोली. अर्धे चिरे अजून शिल्लक आहेत. दुपारी जाऊन त्यांच्यावर हात ठेवला. उन्हाने तापले होते, तरी हात काढवेना.