धाकटीचा अर्ज, माझी जबाबदारी

२ सप्टेंबर, सकाळ
धाकटीच्या सैनिकी अकादमीच्या अर्जाची पूर्ण जबाबदारी आजपासून मी घेतली. तिने मागितली नव्हती, पण घरातली पहिली पदवीधर म्हटल्यावर काही गोष्टी न मागता घ्याव्या लागतात. ती अकरावीत आहे. वयाच्या अटीत तिला दोनच फेऱ्या मिळतात, ही आणि सहा महिन्यांनंतरची. दुसरीची वेळ मी येऊच देणार नाही.
हवं ते असं: एक निबंध, तीन शिफारसपत्रं, एक मैल धावल्याची वेळ, पुल-अप्स. चार रंगांत टाइमटेबल केलं आणि आमच्या लाँड्रीत, इस्त्रीच्या टेबलासमोर चिकटवलं. अण्णांनी ते नीट वाचलं आणि विचारलं, यात गिऱ्हाइकांचे कपडे कधी करायचे ते कुठे लिहिलंय?

३ सप्टेंबर
पहाटे पाचला दोघींनी धावायचं ठरलं होतं. धाकटी एकटीच धावून आली. मला शिंका येत होत्या. उद्यापासून नक्की.

५ सप्टेंबर
शिंका गेल्या, पण बूट नाहीत. म्हणून पायरीवर बसून घड्याळ लावलं. नऊ मिनिटं. तिला म्हटलं, पायाने नाही, मनाने धावायचं असतं. ती धापा टाकत म्हणाली, ताई, उंटावरून शेळ्या हाकू नकोस.
आत्मविश्वास वाढतो आहे.

८ सप्टेंबर
पुल-अप्सना जिम लागत नाही, इच्छाशक्ती लागते. मागच्या खोलीत ओल्या चादरी वाळत घालायचा लोखंडी पाइप आहे, तो मी सुचवला. तिसऱ्या पुल-अपला पाइप, धाकटी आणि लॉजच्या चौदा चादरी एकदम खाली आल्या. सगळ्या पुन्हा धुवाव्या लागल्या. आई म्हणाली, एवढी शिकलीस म्हणून पाइपावर भागलं गं बाई, नाहीतर छतच आणलं असतंस.
आईला दूरदृष्टी नाही.
सध्या चादरी दोन्ही खोल्यांत दोऱ्यांवर आहेत. इकडून तिकडे जाताना दर वेळी ओलं कापड तोंडावर येतं. या घरातून एकीला तरी बाहेर काढायलाच हवं. मी तिच्या वयाची असताना अशी अकादमी असते हेच मला कुणी सांगितलं नव्हतं. असो. तो इथे विषय नाही.

१२ सप्टेंबर
निबंधाचा विषय: मी केलेलं नेतृत्व. धाकटीने स्वतःच लिहून आणला. शाळेत मुलींच्या बाथरूमची किल्ली क्लार्क खिशात ठेवायचा. मागायची लाज, म्हणून मुली दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. हिने तीस मुली जमवल्या आणि चार दिवस मधल्या सुट्टीत ऑफिससमोर ठाण मांडलं. आता किल्ली दाराबाहेर खिळ्यावर असते.
चांगलं आहे. पण लष्कराला कळवण्यासारखं आहे का? बाथरूम! शिवाय आंदोलन! मी तो कागद बाजूला ठेवला आणि शाळेच्या वृक्षारोपण दिनातल्या तिच्या नेतृत्वावर लिहिलं. धाकटी म्हणाली, ताई, त्या दिवशी मी तापाने घरी होते. मी म्हटलं, जायची इच्छा होती ना? ती उठून इस्त्रीला लागली. पटलं असावं.

१७ सप्टेंबर
शिफारसपत्रांसाठी वणवण. मुख्याध्यापिका म्हणाल्या, तूच लिहून आण, मी सही करते. पीटीचे सर म्हणाले, तूच लिहून आण, फक्त माझी भाषा जरा भारदस्त ठेव. दवाखान्याचे डॉक्टर, ज्यांचे पांढरे कोट आमच्याकडे येतात, म्हणाले, शिक्का टेबलावर आहे, मारून घे.
तिघांचा माझ्यावरचा विश्वास बघून भरून आलं.

१८ सप्टेंबर
तिन्ही पत्रं एका बैठकीत. ‘हिच्या शब्दकोशात थकवा हा शब्दच नाही’ हे वाक्य इतकं जमलं, की ते एकालाच देणं बाकी दोघांवर अन्याय झाला असता. निबंधाचा शेवटही त्याच वाक्याने केला.
धाकटीने वाचलं. म्हणाली, उलट बोलत नाही, स्वतःसाठी काही मागत नाही, घराला धरून राहते... ताई, ही मुलगी कोण? मी तर नाही.
विनय. (‘उलट बोलत नाही’ खोडावं का, असं मात्र क्षणभर वाटलं.)

२४ सप्टेंबर
अर्ज रवाना. धाकटी म्हणाली, माझा तो किल्लीचा कागदही आत टाक ना. मी म्हटलं, पाकीट चिकटवलं. तेव्हा चिकटवलेलं नव्हतं. लगेच चिकटवलं.

१० ऑक्टोबर
मुलाखत. मला बाहेर बाकावर बसवलं. पंचवीस मिनिटं. बाहेर आल्यावर ती फाटकापर्यंत माझ्यापुढे झपझप चालली. मग म्हणाली, अधिकारी मॅडमनी विचारलं, कुठली झाडं लावलीस? म्हटलं, एकही नाही. मग काय केलंस? किल्लीचं सांगितलं. मग ही पत्रं कुणी लिहिली? म्हटलं, माझ्या ताईने.
मी तिला बाजूला ओढलं. म्हटलं, अगं, तेवढं सांभाळून घ्यायचं नाही का? तर भर रस्त्यात म्हणाली, खोटं तू लिहायचं आणि तोंड मी द्यायचं?
लोक बघत होते. तरी एकंदर इम्प्रेशन चांगलं पडलं असणार. प्रामाणिकपणा दिसला. तो आपल्या घरचाच आहे.

२ नोव्हेंबर
पत्र आलं. अर्ज नामंजूर. तीन वेगवेगळ्या व्यक्तींनी एकच वाक्य शब्दशः लिहिलं आहे, आणि ते अर्जदाराच्या निबंधातही आहे. पुढील फेरीचा अर्ज अर्जदाराने स्वतः भरावा. खाली कुणीतरी पेनाने लिहिलं होतं: किल्लीबद्दल सांगितलंस, ते लिही.
धाकटी रडली नाही. दोरीवरच्या चादरींच्या मागे जाऊन उभी राहिली. खालून नुसते पाय दिसत होते. मी इकडून तीनदा सांगितलं, अगं, अपील करू, ड्राफ्ट मी करते. चौथ्यांदा तोंड उघडलं, तर आई म्हणाली, पुरे आता.

९ नोव्हेंबर, दुपार
धाकटी इस्त्रीच्या टेबलावर निबंध लिहिते आहे. मुख्याध्यापिकांना तिने सांगितलं म्हणे, बाई, या वेळी तुम्हीच लिहा, वाईट लिहिलंत तरी चालेल. त्या लिहिताहेत.
मी सहज मागून गेले. पहिल्याच ओळीत एक वेलांटी चुकली होती. म्हटलं, निदान शुद्धलेखन तरी बघते. तिने कागदावर तळहात ठेवला. रागाने नाही. म्हणाली, ताई, ही शेवटची फेरी आहे गं.
मी तिथेच उभी राहिले. अण्णांनी आतून हाक मारली, पदवीधर बाई, चादरीची घडी एकट्याने होत नाही, आणि धाकटी कामात आहे.
मी आत जाऊन दुसरं टोक धरलं.