काना-मात्रा काकांची ट्रंक

४ जानेवारी
आजपासून मी संग्राहक. रद्दीच्या दुकानात मुलीच्या जुन्या वह्या द्यायला गेलो होतो. वजनकाट्याखाली टेकू म्हणून एक पुस्तक लावलेलं. मुखपृष्ठ नाही. आत शिक्का: 'कच्चे प्रूफ. चुका दुरुस्त केलेल्या नाहीत. विक्रीसाठी नाही.' रद्दीवाल्याने ते मला विकलं. पुस्तक छापण्याआधी चुका शोधायला अशा मोजक्याच प्रती काढतात, मग फेकून देतात. म्हणजे दुर्मीळ! तिसऱ्या प्रकरणात वारलेला मामा सातव्या प्रकरणात लग्नाला हजर आहे. बाजारातल्या पुस्तकात तो मेलेलाच असणार. जिवंत फक्त माझ्याकडे.
संकल्प: महिन्याला एकच प्रत. बजेट म्हणजे बजेट.

११ जानेवारी
तीन प्रती घेतल्या. एकाच कादंबरीचे तीन भाग आहेत, म्हणजे एकच.
काटकसर म्हणून चहा सोडला. ऑफिसातला सोडलेला नाही, तो फुकट असतो.
हिला समजावलं की ही गुंतवणूक आहे. ही म्हणाली, गुंतवणुकीला वाळवी लागते का ते आधी बघा.

२ फेब्रुवारी
मोठी खबर. मागच्या गल्लीत एक निवृत्त मुद्रितशोधक राहतात. चाळीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढल्या. सगळे त्यांना काना-मात्रा काका म्हणतात. त्यांच्याकडे ट्रंकभर जुनी प्रुफं आहेत असं रद्दीवाला म्हणाला. त्याने दहादा मागितली, दिली नाहीत.
सहज आल्यासारखा गेलो. खोली एवढीशी. पलंग, टेबल, त्यांची खुर्ची आणि ट्रंक. मला ट्रंकेवरच बसवलं. बूड बधिर झालं, पण तासभर हललो नाही. निघताना पुन्हा येईन म्हणालो. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की ना.
माणूस एकटा आहे, वय झालेलं आहे. घाई उपयोगाची नाही. आधी लळा लावायचा, मग ट्रंक हडपायची.

९ फेब्रुवारी
गेलो. ट्रंकेच्या जागी वेताची खुर्ची. ट्रंक आतल्या बाजूला हलवली असणार. म्हातारा सावध आहे. म्हणजे माल तसाच भारी असला पाहिजे.

१० फेब्रुवारी
रद्दीवाल्याने रस्त्यात गाठलं. पोतंभर जुनी प्रुफं आलीत, सगळी घ्या, स्वस्तात देतो. मी हसलो. ट्रंक फुकट मिळायची असताना पोतं कोण विकत घेईल? संग्राहकाला संयम लागतो. त्याला म्हटलं, खुशाल कारखान्यात पाठव, लगदा होऊ दे.

२४ फेब्रुवारी
आता रोज संध्याकाळी साडेपाचला जातो. काका अजून छापखान्याचं थोडं काम घरी आणतात. मी मूळ लिखाण मोठ्याने वाचायचं, त्यांनी प्रुफावर नजर ठेवायची. विरामचिन्हंसुद्धा वाचायची. 'सांडपाण्याच्या पाइपांची निगा' आज संपलं. फुकटचा गडी मिळाला असं त्यांना वाटत असेल. कोण कोणाला राबवतंय ते वेळ आली की कळेल.
जेवताना हिला म्हणालो, पाणी दे स्वल्पविराम भांडं धुऊन पूर्णविराम. हिने भांडं न धुता दिलं.

३ मार्च
ट्रंकेचा विषय काढणारच होतो. तेवढ्यात काका म्हणाले, तुमची काकू गेल्यापासून या खोलीत कोणी मोठ्याने वाचलं नव्हतं. मग काढला नाही. वेळ साधणंही महत्त्वाचं असतं. उद्या.

१५ मार्च
नवा डाव. माझा बारा प्रतींचा संग्रह काकांना दाखवायचा. तो पाहिल्यावर ट्रंक कोणाच्या हाती द्यावी हे त्यांना आपोआप कळेल. पण मला ताप. हिला सांगितलं, कपाटातलं खाकी कव्हरचं सगळं पिशवीत भर आणि काकांना दे. नजर टाका म्हणावं. ही निघण्याआधी गोळी घेऊन झोपतो.

२० मार्च
चार दिवस रोजनिशी सापडत नव्हती. आज सापडली. काकांकडून परत आलेल्या पिशवीत.
आधी बाराचं. बाराही प्रती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत लाल शाईने तपासल्या आहेत. काना, मात्रा, वेलांटी, काही सोडलेलं नाही. शिक्क्यातला 'नाहीत' सुद्धा खोडला आहे. ही म्हणाली, केवढं काम केलं हो बिचाऱ्यांनी, डोळे सुजले होते.
आता तेरावी. रोजनिशीला खाकी कव्हर मीच घातलं होतं, ऑफिसची फाइल वाटावी म्हणून. तीही तपासली आहे. अक्षर माझं वाईट, त्यामुळे काही ठिकाणी प्रश्नचिन्हं. 'हडपायची'खाली रेघ, समासात: 'शब्द अचूक. राहू द्यावा.' 'म्हातारा सावध आहे' इथे: 'सावध नाही.' आणि त्याच्याखाली, बारीक अक्षरात:
'ट्रंक आत नाही. आपण पहिल्यांदा येऊन गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी रद्दीत दिली. पुन्हा येतो म्हणाला होतात. खुर्चीला जागा नव्हती.'
ही विचारते आहे, जेवत का नाही.

२१ मार्च
साडेपाचला निघालो. त्यांच्या जिन्यापर्यंत जाऊन दोनदा मागे फिरलो. तिसऱ्यांदा वर गेलो. सांगायला तीन वाक्यं पाठ केली होती.
काकांनी दार उघडलं, खुर्चीकडे हात केला आणि चष्मा पुसत म्हणाले, सहा दिवस खाडा झाला, 'घरगुती बंबाची दुरुस्ती' तशीच पडली आहे. एकोणीस पानं वाचली. 'माझं चुकलं' हे मूळ लिखाणात कुठेच नव्हतं, त्यामुळे म्हणता आलं नाही.
उद्या जरा लवकर या म्हणाले.