बारा माशा

४ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस, मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचं पत्र परवा पोहोचलं. ग्रंथालयाच्या शिडीवरून पडून तुझं मनगट मोडलं हे आधीच कळलं होतं. प्लास्टर निघाल्यावरही बोटं वळत नाहीत, हे आता कळलं. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला आणि तू तो दोनदा भिंतीवर फेकून मारलास, हेही तिने लिहिलं आहे. फोन केला असता, पण माझ्या कानांनी हल्ली फोनशी फारकत घेतली आहे. म्हणून पत्र.

वेगळं पार्सल पाठवलं आहे. त्यात टेबलाच्या कडेला बसवायचा छोटा व्हाइस आहे. तो गळ घट्ट धरून ठेवतो. बारीक दोऱ्याची दोन रिळं, पन्नास गळ, कोंबड्याच्या मानेची तपकिरी पिसं आणि सशाच्या कानावरची थोडी लव. एवढ्यातून माशी तयार होते. नदीतला ट्राउट मासा ती खरी समजून तोंडात घेतो, एवढंच या छंदाचं गुपित. तुला मासे धरायचे नाहीत हे ठाऊक आहे. बोटांना चेंडूपेक्षा बरं काम म्हणून कर.

गळाच्या नेढ्यामागून दोरा सुरू कर आणि वेढ्याला वेढा लावून, एकावर एक न चढवता, वाकापर्यंत ने. लव चिमटीत घेऊन दोऱ्यावर पिळ आणि त्याचं अंग बनव. पुढे पिसाचं टोक बांधून पीस तीन वेढे फिरव. तंतू उभे राहतात, तेच पाय. शेवटी गाठ. ओढलंस तर दोरा तुटतो, सैल सोडलंस तर सगळी माशी उलगडते. पुस्तकं शिवणाऱ्या मुलीला याहून जास्त सांगायला नको.

तुझी मामी म्हणते, पस्तीस वर्षं नकाशांच्या खात्यात बसून माशा मारल्या, आता निवृत्त होऊन बांधायला घेतल्या. हा विनोद मी अकरा वर्षं ऐकतो आहे. तिला तो अजून नवा वाटतो.

कळावे. लोभ आहेच, त्याला खंड नसावा.

तुझा,
मामा

*

२६ फेब्रुवारी

ती. मामांस, भिंगरीचा सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. पहिली माशी बांधायला सव्वा तास लागला आणि ती झाल्यावर आईने चिमटीत धरून विचारलं की हे केरसुणीतून निघालं का. दुसरी बरी झाली. तिसरीच्या वेळी करंगळी आपणहून वळली आणि मी तोंडाने काहीतरी ओरडले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझं म्हणाल तर, ग्रंथालयात मला सध्या देवघेवीच्या खिडकीवर बसवलंय. शिक्के मारायचे, पुस्तकं परत घ्यायची. बांधणीची खोली खिडकीसमोरच आहे. दार उघडलं की सरसाचा वास येतो आणि माझ्या स्टुलावर बसलेली नवी मुलगी दिसते. मुलगी चांगली आहे, मला चहा विचारते, त्यामुळे तिचा नीट रागही करता येत नाही. मुख्य बाइंडर म्हणाले, मे महिन्यात एक फाटकं पुस्तक देतील. ते उसवून, शिवून, पाठ गोल करून दाखवलं तर स्टूल माझं. नाहीतर शिक्के कायमचे. ते वाईट माणूस नाहीत. फक्त त्यांना दुसऱ्याचा हात दुखतो म्हणजे काय होतं, ते चटकन समजत नाही.

सोबत तीन माशा पाठवते. हसून झालं की चुका कळवा. मामीला नमस्कार. तिचा विनोद आईला सांगितला, आई दोन दिवस हसते आहे. म्हणजे तो नवा आहे.

माया आहे ती तशीच राहू द्यावी.

तुमची,
भिंगरी

*

२० मार्च

चि. भिंगरी हिस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या माशा तपासल्या. पहिलीचं डोकं फार मोठं आहे. दोरा संपवायची गाठ तू शिवणकामासारखी घालतेस, तशी घालू नकोस. दुसरीचं पीस उलटं बसलं. तिसरीत दोष आहेत, पण ते मला सापडले. माशाला सापडले नाहीत.

पुलाच्या खालच्या अंगाला नदी वळते आणि एक झाड पाण्यावर झुकलेलं आहे. त्याच्या सावलीत एक मोठा मासा राहतो. दोन वर्षं तो माझ्या माशांकडे असा बघतो, जसे आमचे साहेब माझ्या रजेच्या अर्जाकडे बघत. गेल्या मंगळवारी सकाळी तुझी तिसरी माशी सोडली. तो वर आला, तिला नाक लावलं आणि खाली गेला. घेतली नाही, पण वर आला. थोड्या वेळाने त्याचा कोणी लहान नातलग तीच माशी घेऊन गळाला लागला. त्याला इजा होऊ नये म्हणून ओल्या हाताने धरला, गळ सोडवला, परत सोडून दिला. म्हणजे तुझ्या माशीने मासा धरला, असं तू कोणालाही सांगू शकतेस.

आता मला याच बांधणीच्या बारा हव्यात. आकार एक नंबर लहान. एप्रिल संपायच्या आत दे.

इकडे थोडी सर्दी झाली आहे. पाय जरा घसरला आणि मोजे भिजले. मामीने अंथरुणात घातलं आहे आणि ती खोलीत उगाचच वस्तू जोरात ठेवते आहे.

कळावे, आहे तो जिव्हाळा टिकावा.

मामा

*

२३ मार्च

चि. भिंगरीस, मामीचा आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतः पोस्टात टाकणार आहे. ह्यांना माहीत नाही. फोन करणार होते, पण फोनवर मी रागावते आणि मग सांगायचं ते राहून जातं.

थोडी सर्दी झाली असं ह्यांनी तुला लिहिलंय, ते मी वाचलं. पत्र टेबलावर उघडं होतं. मोजे भिजले हे खरं आहे. मोज्यांच्या वरचा माणूसही भिजला. मंगळवारी पुलाखाली पाय निसटून हे पडले, छातीपर्यंतच्या त्या रबरी विजारीत पाणी भरलं आणि नदीने चाळीस-पन्नास पावलं वाहत नेलं. कोपऱ्यावरचा बेकरीवाला मंगळवारी दुकान बंद ठेवतो आणि तिथेच मासे धरतो. त्याने कॉलरला धरून ओढून काढलं म्हणून आज मी रागावू तरी शकते. तो नसता तर काय, हे मी सहा दिवस मनात पूर्ण होऊ दिलेलं नाही.

आता खरं ऐक. साखरेचा आजार ह्यांना बारा वर्षांचा. मी हॉस्पिटलात मेट्रन होते, तळपाय बधिर होऊन पुढे काय होतं ते मी शेकड्यांनी पाहिलंय. दर रविवारी ह्यांना डोळे मिटायला लावते, तळव्याला आधी कापूस लावते, मग बोथट सुई, आणि लागतंय का विचारते. दर वेळी हो म्हणतात. काल मी हातच लावला नाही. नुसतं विचारलं. तरी हो म्हणाले.

 मोजे चढवून दिले आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

रबरी विजार मी लपवली आहे. तू बारा माशा पाठवू नकोस, ही माझी विनंती. माशा आल्या की हे विजार शोधतील, आणि ह्यांना शोधता येतं. तुझी बोटं सुधारताहेत याचा मला आनंद आहे, पण दुसरं काही बांध. तू माझ्या जागी असतीस तर हेच लिहिलं असतंस.

जपून राहा. आमच्यावर रागावू नकोस.

मामी

*

३१ मार्च

ती. मामीस सा. न.

तुझं पत्र कामावर मिळालं. वाचून झाल्यावर मी एका वाचकाच्या हातावरच शिक्का मारला.

माशा पाठवणार नाही. पण दोरा संपला, हात दुखतो, असं काही मामांना लिहिणारही नाही. मला खोटं जमत नाही असं नाही. मामांशी बोलताना जमत नाही. तेव्हा सोबत त्यांच्यासाठी एक चिठ्ठी आहे. तू आधी वाच. द्यायची नसेल तर फाड.

तुझीच,
भिंगरी

(सोबतची चिठ्ठी)

ती. मामा, सा. न. पाच माशा झाल्या आहेत. उरलेल्या सात मी बांधीन, पण तुमच्या पायांबद्दल तुम्ही स्वतः मला लिहीपर्यंत एकही पाठवणार नाही. मामीने मला सगळं कळवलंय. तिच्यावर रागावायचं असेल तर आधी माझ्यावर रागवा, मी लांब आहे, मला ते सोपं जाईल. भिंगरी.

*

२९ एप्रिल

चि. भिंगरी हिस, आशीर्वाद.

तुझ्या चिठ्ठीला उत्तर द्यायला महिना लागला. पहिले दहा दिवस मी तुझ्यावर रागावलो होतो, पुढचे दहा तुझ्या मामीवर. मग रागवायला कोणी उरलं नाही.

तू विचारलंस म्हणून लिहितो. गेल्या पावसाळ्यापासून तळवे असे आहेत, जणू गादीवर उभा आहे. दगड आहे की वाळू, ते कळत नाही. नदीत मी काठीने चाचपून आणि आठवणीने चालत होतो. तळाचा नकाशा माझ्या डोक्यात होता. खात्यात मी हेच काम करत होतो. पण गेल्या पुराने एक मोठा दगड हलवला आणि माझ्या नकाशात तो जुन्याच जागी होता. घडलं ते एवढंच.

मामीच्या परीक्षेबद्दल. ती कापूस लावण्याआधी मनात पाचपर्यंत मोजते. मीही मोजत असे आणि सहाला हो म्हणत असे. त्या रविवारी तिने लावलाच नाही, हे मला तुझ्या चिठ्ठीनंतर तिनेच सांगितलं. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. आमच्या लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. मी तिच्याशी खोटं बोललो ते तिला वाटतं तसं नदीसाठी नाही. तिने आयुष्यभर दुसऱ्यांचे पाय पाहिले. घरात तरी तिला ते पाहायला लागू नयेत, असं वाटलं होतं. लिहिल्यावर ते मूर्खपणाचं दिसतं.

मी पाण्यात उतरणार नाही, असं तिला सांगितलं आहे. गळाची काठी आणि रीळ बेकरीवाल्याला देणार आहे. माशांची आता गरज नाही. तू मात्र बांधत राहा, परीक्षेचं कळव.

कळावे. जिव्हाळा असू द्यावा.

मामा

*

१७ मे

ती. मामीस, भिंगरीचा सा. न. वि. वि.

परीक्षा झाली. कणा तुटलेला जाडजूड शब्दकोश दिला होता. उसवायला एक दिवस, शिवायला दोन. मुख्य बाइंडरांनी प्रत्येक टाका भिंगाखाली पाहिला आणि म्हणाले, शिवण पूर्वीपेक्षा चांगली आहे. पाठ गोल करताना हातोडी मात्र अजून भितरी पडते. तेव्हा शिवण माझ्याकडे आणि हातोडी त्या नव्या मुलीकडे, असं ठरलं. दोघींना दोन स्टुलं. पूर्ण जिंकले असं म्हणता येणार नाही, पण सरसाचा वास आता कपड्यांना लागून घरी येतो.

सोबत एक डबी आहे. त्यात बारा माशा आहेत. मामांनी लिहायचं ते लिहिलं, म्हणून माझा शब्द मला पाळायला हवा. पण डबी मी तुझ्या नावाने पाठवते आहे. तू ती कपाटात ठेव, बेकरीवाल्याला दे, चुलीत टाक. तू जे करशील त्याबद्दल मी कधी विचारणार नाही.

तुम्हा दोघांना नमस्कार. मला विसरू नये.

भिंगरी

*

१७ जून

चि. भिंगरी हिस, मामाचे अनेक आशीर्वाद.

तू विचारणार नाहीस म्हणालीस, म्हणून मीच कळवतो. मामी पत्र लिहायला बसत नाही. तिला सध्या वेळ नाही.

तुझी डबी आठ-दहा दिवस औषधांच्या फळीवर पडून होती. मी तिच्याकडे बघत नसे आणि मी बघत नाही, हे मामी बघत असे. मग एका मंगळवारी न्याहारीनंतर तिने रबरी विजार बाहेर काढली. ती शिडी लावून चढायच्या पाण्याच्या टाकीमागे होती. मला सापडली नसती. मला वाटलं, बेकरीवाल्याला द्यायची असेल. तिने ती स्वतः चढवली. खालून दोन घड्या घातल्या, वर पट्टा आवळला आणि म्हणाली की एवढी वर्षं ज्या पाण्याला ती पाण्यात पाहत आली, त्यात नक्की आहे काय, हे तिला एकदा बघायचं आहे. मी म्हटलं की हे धोक्याचं आहे. यावर ती जे म्हणाली ते मी लिहीत नाही.

मला घडीची खुर्ची काठावर टाकून दिली. बेकरीवाल्याने माझी काठी तिच्या हातात दिली आणि तो तिच्या खालच्या अंगाला उभा राहिला. ती गुडघ्यापर्यंत पाणी असलेल्या वाळूवरच थांबली, त्यापुढे गेली नाही. त्या दिवशी तिने तुझी एक माशी झाडाला दिली, एक बेकरीवाल्याच्या टोपीला. मी काठावरून सूचना केल्या. मनगट कमी, कोपर जास्त, दोरी मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांब. मेट्रनबाईंना सूचना देण्याची सवय आहे, घेण्याची नाही. पण पुढच्या मंगळवारी ती थांबायला शिकली होती. घरी गच्चीवर टॉवेल वाळत घालायच्या दोरीने सराव करत होती, हे शेजाऱ्यांकडून कळलं.

काल तिसरा मंगळवार. ऊन वर आलं होतं. पाण्यावर खऱ्या माशा उतरत होत्या आणि झाडाच्या सावलीत एकामागून एक वर्तुळं उठत होती. तिची दोरी तिथवर पोहोचत नाही, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी बोललो नाही. तिने एक पाऊल टाकलं, तळ चाचपला, मग दुसरं. मग तिने काठी मागे नेली, थांबली, आणि सोडली. तुझी माशी सावलीच्या कडेला बसली. पाणी फुगलं. आवाज झाला नाही.

तो मासा तिने सात-आठ मिनिटांत आणला. मी खुर्चीतून उठलो होतो, हे मला नंतर कळलं. हात ओला कर, असं मला सांगावं लागलं नाही. तिने त्याला पोटाखालून धरलं, जसं नर्स तान्ह्या मुलाला धरते, आणि तसाच पाण्यातून चालवत काठापर्यंत माझ्याजवळ आणला. मी वाकलो, हात पाण्यात घातला. मला वाटलं होतं त्याहून तो लहान होता. एक डोळा थोडा पांढुरका. गळ ओठाच्या कडेला होता, सहज निघाला. आम्ही दोघांनी त्याला धरून ठेवलं, त्याचे कल्ले नीट चालू होईपर्यंत. मामी मनात मोजत होती, हे मला कळत होतं. तो पाचालाही थांबला नाही, निघून गेला.

मग तिने मला विचारलं की पाणी किती गार आहे ते हाताला कळलं का. मी हो म्हटलं. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि तिला ते पटलं.

बेकरीवाल्याने थर्मासातला चहा ओतला. मी मामीला हाक मारली. ती परत पाण्यात गेली होती. दुसऱ्यांदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला तिने मागे न वळता एक हात वर केला, म्हणजे अजून एकदा, आणि दुसऱ्या हाताने दोरी उचलली.

डबीत आता आठ उरल्या आहेत. मामीने सांगितलं आहे की आणखी हव्यात, आणि डबी तिच्याच नावाने यावी.

कळावे. आहे हा लोभ दोघांवर सारखा वाटून असावा.

तुझा,
मामा