हंगेरियन धानी

४ जानेवारी, रविवार
पाच वाजता व्हायोलिन लावलं. सवयीने. समोर कोणी नाही. दर रविवारी याच वेळी इथे इंदुरातच, पलासियाला वैद्यजींच्या फ्लॅटवर रियाज असायचा. वैद्यजी दसऱ्यापासून हैदराबादला, मुलाकडे. बाथरूममध्ये पडले, खुब्याचं ऑपरेशन, मग मुलगा घेऊनच गेला. चेलोही गेला, विमानात स्वतःच्या वेगळ्या सीटवर बसून. निघताना म्हणाले, "दो महिने की बात है, सुमनजी." चौथा महिना चालू आहे.
एकटीने आमचं हंगेरियन काढलं. ते दोघांचंच आहे, एक व्हायोलिन, एक चेलो, शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका हंगेरियन संगीतकाराचं. एकीने वाजवून काय होणार. अर्ध्यात बंद केलं.

७ जाने.
गराडू आणले, थंडीतला तो तळलेला कंद. एकटीला पाव किलो जास्तच झाले. वै. इथे असते तर तळलेल्याची बंदी असूनही दोनदा घेतले असते.
हंगेरियन त्यांना पहिल्यांदा ऐकवलं तो दिवस आठवत बसले. मांडीवर ताल धरून म्हणाले, "अहो, हा तर आपला राग धानी!" मी सांगितलं, हा संगीतकार खेडोपाडी हिंडून म्हाताऱ्यांची गाणी उतरवून घ्यायचा. "फिर तो अपना ही आदमी है." वै. मूळचे दिलरुबावाले, चेलो पन्नाशीनंतर धरला. पाश्चात्त्य नोटेशन त्यांना रेल्वेचं टाइमटेबल वाटायचं. मग मी त्यांचा भाग सारेगममध्ये लिहून दिला, तर ते त्यात तालाची सम शोधत बसायचे. हंगेरियन माणसाने आपल्या समेची सोय केलेली नाही, हे त्यांना कधी पटलंच नाही.

१२ जाने.
संगीत मंडळाच्या कुसुमताईंचा फोन. फेब्रुवारीच्या बैठकीत हंगेरियन हवंच. "वैद्यजी नाहीत तर दुसरं कोणी बघू ना!" कोथिंबीर नाही तर कढीपत्ता टाका, अशा थाटात. पलासियालाच दातांच्या डॉक्टर आहेत म्हणे, ऍनी, केरळच्या, चेलो वाजवतात.
हो म्हटलं. मग दिवसभर स्वतःचाच राग.

१८ जाने., रवि.
डॉ. ऍनी आल्या. पस्तिशीच्या, हसऱ्या, वेळेवर. सूर इतके स्वच्छ की खोट काढायला बसले होते, ती सापडेना.
शेवटच्या भागात संथ सूर संपून नाच सुरू होतो, तिथे मी थांबले आणि त्या पुढे निघून गेल्या. परत घेतलं. परत तेच.
"आंटीजी, आप यहाँ रुक क्यों जाती हैं?"
"अरे, रुकना ही है ना. लिखा है."
लिहिलेलं नव्हतं. चष्मा पुसून पाहिलं. छापील पानावर तिथे विश्रांती नाहीच.
म्हणजे इतकी वर्षं वै. समेची वाट बघत तिथे अडायचे, मी त्यांच्यासाठी थांबायचे आणि समजत होते की त्या हंगेरियनानेच ती जागा ठेवली आहे! त्या जागेवर वै. कागदावरून नजर उचलून माझ्याकडे बघायचे. अख्ख्या वाजवण्यात तेवढंच, एकदा.
डॉक्टर गेल्यावर रडले. उगाच नाही.

२० जाने.
वै. ना फोन केला. म्हटलं, आपण चुकत होतो, तिथे थांबायचं नव्हतंच.
"हाँ, मालूम है."
"कधीपासून?"
"पहिल्याच वर्षी समजलं. रेकॉर्डिंग ऐकलं ना."
"मग बोलला का नाहीत?"
"तुम्ही थांबत होता. मी म्हटलं, चलने दो."
पुढे ब्लडप्रेशर, वॉकर, हैदराबादचं पाणी. मी हं हं करत राहिले. फोन ठेवला तर कान तापलेले. बासष्टाव्या वर्षी! यांच्या हार घातलेल्या फोटोकडे बघायचं टाळलं, मग मुद्दाम बघितलं.

२६ जाने.
डॉ. ऍनीबरोबर सरळ वाजवलं, छापलंय तसं. बिनचूक झालं. कुसुमताई ऐकायला आल्या होत्या, खूश. डॉक्टर बिचाऱ्या म्हणाल्या, "आप चाहें तो मैं वहाँ रुक जाऊँगी." नको म्हटलं. ती जागा शिकवायची नाहीये मला कुणाला.

१ फेब्रुवारी, रवि.
वै. चा मुलगा आलाय, पलासियाचा फ्लॅट रिकामा करतोय. कळलं तशी तिथे गेले. मला बघून म्हणाला, "आंटी, तुम्हाला काही हवं तर घ्या. बाबा अब वहीं सेट हो गए हैं." हो का, म्हटलं. खुर्च्या टेम्पोत चढत होत्या. ज्यांवर बसून आम्ही वाजवायचो त्याच.
घरी येऊन चप्पलसुद्धा न काढता फोन लावला.
"तुम्हाला तिकडेच राहायचंय का?"
"अब बेटा कहता है तो..."
"बेट्याचं सोडा. मला तुमची फार आठवण येते, वैद्यजी. या. माझ्याकडे राहा. आमची जुनी इंदूरची वस्ती काय म्हणेल ते मी बघून घेईन."
बोलून गेले खरी. मग ते घसा खाकरून म्हणाले, "सुमनजी, तुमच्या जिन्याला कठडा दोन्ही बाजूंनी आहे का?"
एकाच बाजूने आहे. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.
उद्या वेल्डरला बोलावते.