इंजिनकाम झालंय, असं मी म्हणालो

४ सप्टेंबर
गाडी धूर टाकते आहे. निळा. ओरमोन येऊन गेला. ओरमोन म्हणजे बायकोचा, बुरुलचा भाऊ. त्याचं गॅरेज आहे आणि न मागता मत द्यायची सवय आहे. बॉनेट उघडून म्हणाला, "भावोजी, पिस्टनच्या रिंगा गेल्यात. इंजिन ऑइल पितंय. खोलून काम करू, नाहीतर गाडी विका. मधलं काही नाही."
मी त्याला समजावलं की आपलं नारिन शहर उंचावर, हवा विरळ, आणि विरळ हवेत धूर दाट दिसतो. शाळेत फिजिक्स मी शिकवतो, तो नाही. चहा न घेताच गेला.
संकल्प: रविवारपर्यंत निर्णय.

८ सप्टेंबर, रविवार
निर्णय घाईनं घेऊ नये.
जाड ऑइल आणलं. डिकीत आता कायम दोन डबे. बुरुल म्हणाली, "अहो, पंपावर आता 'ऑइल फुल करा आणि पेट्रोल जरा बघा' असं सांगत जा." बायकांना यंत्रातलं कळत नाही.

१५ सप्टेंबर
कोचकोरला जाऊन आलो. आमच्या लेकीचं, जिपारचं सासर. जूनमध्ये लग्न झालं, आता पोरीचं पहिलं माहेरपण ठरवायचं होतं. व्याही तुर्गान म्हणाले, "काळजी नको, आमच्या गाडीनं आणून सोडतो." त्यांची गाडी नवी. चालू आहे की बंद, तेही कळत नाही.
मला कसंतरीच झालं. म्हणालो, "छे छे! लेक पहिल्यांदा माहेरी जायची ती बापाच्या गाडीतून. आणि आमच्या गाडीचं सगळं इंजिनकाम झालंय. परवाच."
व्याही म्हणाले, "असं? छान."
जिपार चहा ओतत होती. किटली हवेतच राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी जॅमकडे पाहिलं.
हे खोटं नव्हे. काम करायचंच आहे. फक्त सांगण्याचा आणि करण्याचा क्रम बदलला.

२२ सप्टेंबर
ओरमोनला गाठलं. म्हणाला, गाडी ठेवून जा, दोन आठवडे लागतील. पण बटाटे काढायचे आहेत. बटाटे पाठीवर आणू?
बटाट्यांनंतर नक्की.

१ ऑक्टोबर
बटाटे आले. सकाळी गाडी ओरमोनकडे सोडली, संध्याकाळी परत आणली. त्यानं हात लावायच्या आधीच. म्हणाला होता, "आत काय निघेल सांगता येत नाही. कदाचित करण्यासारखं काही उरलंही नसेल." हे ऐकल्यावर दिवसभर शिकवण्यात लक्ष लागेना. जन्मल्यावर जिपारला दवाखान्यातून याच गाडीनं घरी आणलं होतं. न खोललेलं इंजिन निदान चालतं तरी.
ओरमोन एवढंच म्हणाला, "तुमची मर्जी."

९ ऑक्टोबर
बाजारात एक औषध मिळालं. ऑइलमध्ये ओतायचं, रिंगा आतून भरून येतात. विकणाऱ्यानं शपथ घेतली. ओतलं. सकाळभर धूर नाही! बुरुलला अंगणात बोलावून दाखवलं. ती बघत असतानाच पांढरा सुरू झाला.
पण निळा नाही, हे लक्षात घ्यायला हवं.

१२ ऑक्टोबर
लिहायचं नव्हतं.
कोचकोरहून जिपारला घेऊन निघालो, आणि सोबत व्याह्यांच्या आई. ऐंशीच्या पुढच्या. व्याही-विहीण उद्या येणार, पण आजी म्हणाल्या, मी नातसुनेबरोबरच जाते.
दोलोनचा घाट चढायला लागलो आणि धूर आत यायला लागला. आजींनी शालीचं टोक नाकाला लावलं. जिपारनं काच खाली केली, तर बर्फ आत. मी हवेचा दाब समजावून सांगत होतो. आजी म्हणाल्या, "हो का."
खिंड जवळ आली आणि खाली चमच्यांचा डबा सांडावा तसा आवाज झाला. गाडी थांबली. मी म्हणालो, इंजिनाला थोडी विश्रांती देऊ. जिपार उतरून रस्त्यावर हात करायला लागली.
कोळशाचा ट्रक थांबला. आजी पुढे ड्रायव्हरजवळ, मी आणि जिपार मागे कोळशावर. नव्या नवरीचा पांढरा रुमाल तिच्या डोक्याला. माझा कोट दिला तर म्हणाली, "राहू द्या, बाबा, तुम्हाला थंडी वाजेल."
आमच्या फाटकाशी सगळी गल्ली उभी होती, लेकीवर उधळायला हातात मिठाई घेऊन. आला ट्रक. बुरुलनं तरीही उधळली. गोळ्या कोळशात पडल्या.
मी तोंड उघडणार इतक्यात जिपार सगळ्यांदेखत म्हणाली, "चूक माझी. बाबांनी गाडी कामाला लावली होती. मीच लवकर या म्हणून हट्ट धरला, काम अर्धं राहिलं."
आणि मी मान हलवली. 'हो ना' अशी.

१४ ऑक्टोबर
ओरमोननं गाडी ओढून आणली. इंजिनाच्या कुशीला भोक पडलंय, आतलं सगळं बाहेरून दिसतं. खोलायची गरजच नाही. ओरमोन म्हणाला, "झाला निर्णय, भावोजी." चिडून म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

१७ ऑक्टोबर
जिपारनं रुमाल तिसऱ्यांदा धुतला. काळी रेघ जात नाही. मी विचारलं, तू का खोटं बोललीस? पिळता पिळता म्हणाली, "तुम्ही बोलला असतात तर आणखी एक खोटं बोलला असतात."
पोरगी माझ्यावर गेली नाही. देवाची कृपा.
संकल्प: तिला पोचवायला जाईन तेव्हा व्याह्यांना समोर बसून खरं सांगायचं. पक्कं.

३ नोव्हेंबर
शेअर टॅक्सीनं जिपारला पोचवलं. वाटभर मनात वाक्य घोकलं. "व्याही, इंजिनकाम झालं नव्हतं." एवढंच तर होतं.
ताट मांडलं. व्याही अंगणात गेले, विहीणबाई चुलीपाशी, म्हणून म्हटलं आजींपासून सुरुवात करू. म्हणालो, "आजी, गाडीबद्दल एक सांगायचं होतं..."
आजी म्हणाल्या, "गेली म्हणे. चांगली होती रे. तुझा धूर वळणावर दिसला की मी सुनेला सांगायची, चहा ठेव, व्याही आले. आता तू आलेला कळणार कसं?"
मी विचारलं, मग काम झालं नाही हे माहीत असून गाडीत बसलात कशाला?
म्हणाल्या, "तू म्हणालास काम झालंय. नाही बसले असते तर तू खोटा पडला असतास. आणि तू खोटा पडलास की उद्या जिपारचं कोण खरं मानणार? तिला या घरात नांदायचंय, बाबा." मग माझ्यापुढे कणकेचे तळलेले बोरसोक सरकवले. "खा, गरम आहेत."
जिपार कोपऱ्यात वाट्या पुसत होती. पुसलेली वाटीच पुन्हा पुसत होती.
मी खाल्ले. छान झालेत म्हणालो. व्याही आत आले, हवेबद्दल बोलले, मीही बोललो.
रात्री घरी पोचलो तर बुरुल जागी होती. "सांगितलंत?"
"सांगितलं."
"काय म्हणाले?"
"काही नाही. चांगली माणसं आहेत."
ती समाधानानं झोपली.
ही वही कोणी वाचत नाही. तरी लिहायला हात धजत नव्हता. नाही सांगितलं.