रुमालातलं सोयाबीन

पुणे, रविवार

मेडशीच्या माह्या मायले सुकेशनीचा नमस्कार.

फोनवर आपून दोघीबी रडतो, मनून लिहून राह्यली. मी बरी हाव. जेवण टायमावर भेटते.

हापिसात आमी शाळेतल्या लेकराइसाठी दोन-दोन मिनिटाचे विज्ञानाचे व्हिडिओ बनवतो. मले 'बियाणं कसं उगवते' हा देला. दुकानातलं सोयाबीन कुंडीत लावलं, तं दोनदा कुजलं. साहेब म्हणे, "जमत नसंन तर दुसऱ्याले देतो."

मंग तू रुमालात बांधून देलेले घरचे दाणे लावले. दहाचे दहा उगवले! आन तू देले तवा मी हासली होती, पुण्यात कुठं पेरू मनून.

दुकानातलं काऊन कुजलं, ते व्हिडिओत तुह्याच शब्दात सांगतलं, "पोतं आपटू नका, दाण्याले मार लागते, मंग तो उगवत नाही."

बाबाची कंबर कशी हाये? त्याइले एकट्यानं पोतं उचलू देऊ नको.

माही काळजी करू नको. तू मले कधी आपटलं नाही. मी इथंबी उगवीन.

तुहीच,
सुकेशनी